चॉकलेटी रंगातला पंजा

गाडीचा विषय तुम्ही काढलात, मी नव्हे. एवढं आधी लक्षात ठेवा. स्वतःची फजिती आपणहून सांगत सुटणं वकील माणसाला परवडत नाही. पण चहा आलाच आहे, आणि आमच्या सुमनबाई अजून आत भाजी चिरायल्यात. तोवर माझ्या बाजूनं सांगून घेतो. त्या बाहेर आल्या की त्यांच्या बाजूनं सांगतील, आणि लोक त्यांचंच खरं मानतील.

तेव्हा मी जिंतूरला वकिली करायचो. कोर्ट तालुक्याचं, खटले बांधाचे आणि वाटणीचे. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. परभणीच्या एका डॉक्टरांनी त्यांची जुनी फियाट विकायला काढली आणि मी ती घेतली. बाहेरून पांढरीशुभ्र, दुरून बघितली तर नवीच वाटावी. दार उघडलं की मात्र खरा प्रकार कळायचा. समोरचा डॅशबोर्ड, दारांच्या आतल्या लोखंडी पट्ट्या, काच खाली-वर करायची हँडलं, समोरच्या कप्प्याचं झाकण, सगळ्याचा रंग उडून पोपडे निघालेले. पांढरे कपडे घालून बसणाऱ्याच्या बाहीला गंजाचा पट्टा लागल्याशिवाय राहायचा नाही. एकदा माझा एक पक्षकार कोर्टात साक्षीला उभा राहिला तो हाताला तसला पट्टा घेऊनच. विरुद्ध बाजूच्या वकिलानं त्याला विचारलं, "ही मारामारीची खूण का?"

दुसऱ्या कुणी गाडी सरळ गॅरेजला नेऊन लावली असती. मी नाही लावली. मला संशय. गॅरेजवाले ओरिजिनल पार्ट काढून घेतात आणि डुप्लिकेट बसवतात, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. कुणी सांगितलं, ते आठवत नाही. पण संशयाला साक्षीदार लागतो का कधी? आमचा धंदाच असा, की समोरच्यानं नमस्कार केला तरी ह्याच्या पोटात काय आहे ते बघत बसायचं.

तर ठरवलं, घरीच रंगवायचं. दिवाळीची सुट्टी होती, कोर्ट बंद. स्क्रू ढिले करून निघतील तेवढे तुकडे काढले, ओट्यावर जुने पेपर पसरले, पॉलिश पेपरनं गंज घासला, खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरली. चॉकलेटी ऑइल पेंट आणला. दुकानदार म्हणाला पातळ करायला टर्पेंटाइन घ्या. मला वाटलं, हा जास्तीचा माल खपवायला बघतोय. म्हणून घरातलं अळशीचं तेल घातलं. चकाकी अशी आली की बघत राहावं. फक्त वाळायचं नाव घेईना.

संध्याकाळपर्यंत माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चॉकलेटी झाले होते. रॉकेलनं धुतले तर रंग पसरला, गेला नाही.

ओट्यावर धूळ येते, शिवाय येणारे-जाणारे बोटं लावून बघतात. म्हणून सगळे तुकडे मी माझ्या ऑफिसच्या खोलीत टेबलावर मांडले आणि खोलीला कुलूप लावलं. चावी बनियनच्या खिशात. नेहमीसारखी लाईट गेली, कंदिलावर जेवणं झाली, झोपलो.

सकाळी कुलूप काढून आत गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

कप्प्याच्या झाकणावर पंजा. अख्खा पंजा, पाची बोटं, तळव्याच्या रेषांसकट. सगळ्यात मोठा, सगळ्यात गुळगुळीत तुकडा तो, ज्यावर मी सगळ्यात जास्त जीव लावला होता. डावा हात होता. करंगळी इतर बोटांपासून फटकून बाजूला गेलेली.

बंद खोली. चावी माझ्या छातीशी. मग हा हात आला कुठून?

सुमनला हाक मारली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "लागला असंल कुणाचा तरी. परत एक हात मारा रंगाचा."

"कुणाचा तरी म्हणजे? कुलूप होतं खोलीला."

"मग भुताचा असंल," असं म्हणून ती दूध बघायला गेली. तिची ही बेफिकिरी बघून थोडा वेळ मला तिचाही संशय आला, ते आता कबूल करायला हरकत नाही. पण तिच्या बांगड्यांचा आवाज पार कोपऱ्यावर ऐकू येतो. ती निर्दोष सुटली.

मी झाकणाला हात लावला नाही. पुरावा म्हणून तसंच ठेवलं. आणि विचार करायला बसलो. ऑइल पेंट हाताच्या रेषांमध्ये बसतो. वरवरचा निघतो, रेषांतला चार-पाच दिवस हलत नाही. म्हणजे ज्याच्या तळव्याच्या रेषा चॉकलेटी, तो चोर. फक्त प्रत्येकाचा तळवा बघायला मिळाला पाहिजे. आता भल्या माणसाला कसं म्हणणार, तुमचा हात उलटा करा, मला शक आहे?

आणि मला एक युक्ती सुचली. मी हात बघायला शिकतोय असं सांगायचं. भविष्य म्हटलं की माणूस आपणहून हात पुढं करतो, वर रुमालानं पुसून देतो.

पहिले सापडले शेजारचे पाठक गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. दारात दात घासत उभे. मी म्हणालो, "गुरुजी, हात दाखवा बरं. हस्तसामुद्रिक वाचायलोय सध्या."

"वकील लोक पन ह्यात पडायलेत का?" म्हणत त्यांनी हात पुढं केला. स्वच्छ. टूथपेस्टचा फेस सोडला तर काही नाही. पण हात धरला म्हणजे काहीतरी बोललं पाहिजे ना?

"अधूनमधून डोकं दुखतं तुमचं," मी म्हणालो. चाळीस पोरांपुढं उभं राहणाऱ्याचं डोकं दुखणार नाही तर काय होणार?

गुरुजींनी ब्रश तोंडातून काढला. "बरोबर हाय. अजून?"

"बदलीची काळजी आहे. पण होत नाही बदली."

झालं. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक मास्तराला बदलीची काळजी असते, हे जिंतुरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण योगायोग असा, की गुरुजींचं नाव खरंच यादीत होतं आणि त्याच आठवड्यात ते यादीतून कमी झालं. ते घरी पेढे घेऊन आले. सुमननं डबा घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं आमचे न्यायाधीश शपथेवर खोटं बोलणाऱ्याकडं बघतात.

मधल्या काळात मी गल्लीतले बरेच हात बघून टाकले होते. दूधवाल्याचा, किराणावाल्याचा, देवळातल्या पुजाऱ्याचा. कुणाला पोटाचं सांगितलं, कुणाला भावकीचं. दोन्ही सगळीकडं लागू पडतं. मी रंग शोधायलो होतो आणि लोक माझ्या तोंडाकडं बघायले होते. कुणाच्याच रेषांत रंग नव्हता, कुणाचीच करंगळी फटकलेली नव्हती.

राहिले अण्णा.

अण्णा म्हणजे आमचे घरमालक. आम्ही पुढच्या दोन खोल्यांत, ते मागच्या बाजूला. तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद मांडणारे कारकून होते, रिटायर झालेले. शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं, त्यामुळं बोलणं अदबीचं, आणि तोंडात कायम पान. बायको वारलेली. घरात ते आणि त्यांची धाकटी मुलगी कुसुम. कुसुम बालवाडीत शिकवायची आणि मला दादा म्हणायची.

अण्णांचं नाव मी शेवटी ठेवलं होतं, कारण मोठा माणूस. पण विचार केला तर खोली त्यांची, कुलूपही त्यांचंच. घरमालकाकडं दुसरी चावी नसते असं कधी ऐकलंय तुम्ही?

संध्याकाळी ते अंगणात पानाचा डबा घेऊन बसले होते. मी शेजारी बसलो. "अण्णा, तुमचा हात राहिला."

"हमारा क्या देखना, वकीलसाहेब," ते हसले. "आमचं सगळं होऊन गेलं." पण हात दिला.

मी हात उलटा करून उजेडाकडं वळवला. अंगठा आणि दोन बोटं, टोकापासून पेरापर्यंत तपकिरी. रेषांत मुरलेला रंग. करंगळी सरळ होती खरी, पण करंगळीकडं आता कोण बघतो? आरोपी सापडला होता.

तोंडावर चोर म्हणायची माझी हिंमत नव्हती. घर त्यांचं. म्हणून मी आडून बोललो. त्यांच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द तोलून. "अण्णा, हातात एक गोष्ट स्पष्ट दिसायलीय. जे आपलं नाही त्याला हात लावू नका. दुसऱ्याचं बंद दार उघडायला जाऊ नका. त्यात बेइज्जती आहे."

अण्णांचं पान चावणं थांबलं. चेहरा उतरला. हळूच हात सोडवून घेतला. "इतकं साफ दिसायलंय?"

"साफ," मी म्हणालो.

"मग थांबलेलं बरं," असं पुटपुटत ते उठले आणि आत गेले. पानाचा डबाही विसरले.

मी सुमनला सांगितलं, "गुन्हा कबूल. फक्त सही बाकी." ती म्हणाली, "अण्णा आन तुमच्या गाडीचं झाकन? त्यांना काय करायचंय त्याचं?" मी म्हणालो, हेतू नंतर सापडतो, आधी पुरावा. असली वाक्यं मी त्या काळात घरात बोलायचो.

पुढचे दिवस अण्णा माझ्याशी बोलेनात. दिसलो की मान खाली घालून जायचे. अंगणात बसणं बंद. रात्री आतून खोकल्याचा आवाज यायचा. मी मनात म्हणायचो, खातंय मन. खाऊ दे. एक माफी मागितली तर विषय संपवतो. मोठ्या मनाचा होतो ना मी.

आणि एका दुपारी कुसुम आली. डोळे लाल होते, पण आवाज एकदम शांत. उंबऱ्यातच उभी राहिली.

"दादा, तुमी बाबाला काय सांगितलं?"

"मी? कशाबद्दल?"

"हात बघून. पालमचं स्थळ आलतं मला. मुलगा हायस्कुलात शिकवतो. बोलणं होत आलतं. मला पसंत हाय मुलगा." हे म्हणताना ती थोडी अडखळली. "ते लोक आमच्यापेक्षा मोठे हायत, शेतीवाडी हाय, म्हणून बाबाच्या मनात धाकधूक होतीच. आन तुमी सांगितलं, जे आपलं न्हाई त्याला हात लावू नका, बेइज्जती होईल. त्यांनी पालमला निरोप धाडला, की आमचं जमायचं न्हाई म्हणून."

चेहरा उतरला तो ह्यासाठी होता तर. खोकत होते ते ह्यासाठी. मी एका झाकणापायी एका पोरीचं लग्न मोडून बसलो होतो.

सुमन मागं उभी राहून ऐकत होती. तिनं कुसुमचा हात धरून तिला आत बसवलं आणि मला म्हणाली, "जावा. आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगा."

मी गेलो. पण बघा माणसाचा स्वभाव. जाताना ते झाकण पेपरात गुंडाळून बगलेत मारलं. माफी मागायला चाललो होतो, तरी पुरावा सोबत.

अण्णा बाजेवर पडले होते, मला बघून उठून बसले. मी उभ्यानंच सांगितलं. "अण्णा, मला हातातलं काही कळत नाही. ओ की ठो कळत नाही. लोकांना जे सांगितलं ते सगळं मनाचं."

"मग पाठक मास्तरची बदली?"

"योगायोग."

"आन माझ्या हातात काय बघितलं?"

"रंग," मी म्हणालो आणि झाकण उघडून त्यांच्यापुढं ठेवलं.

अण्णांनी चष्मा लावला. पंजा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडं.

"म्हणजे तुमी आमच्यावर शक घेतला," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "हा कात हाय, वकीलसाहेब. पानाचा कात. अख्खी जिंदगी पान खायलोय."

मी बोटांचा वास घेतला. हो, घेतला. कात होता. वेलदोडासुद्धा होता.

"आन चावी?" मी तरीही विचारलं. सवय हो, दुसरं काय.

"चाव्या तर दोन्ही तुमालाच दिलत्या, राहायला आलात तवा. एक हरवू नका म्हणून सांगितलतं."

तोवर सुमन आणि कुसुम मागून आल्या होत्या. अण्णांनी आपला हात झाकणावर, रंगाला न टेकवता, धरून बघितला. त्यांचा तळवा मोठा, पंजाच्या चहूकडून बाहेर आला. मग म्हणाले, "आता तहकीकात पुरी करूनच टाका. कुणाचा हाय हा हात?"

सुमन खाली वाकली. पदर सावरून झाकण उजेडाकडं तिरकं केलं. आणि सरळ झाली.

"अहो," ती म्हणाली, "तुमचा डावा हात द्या हिकडं."

"माझा कशाला?"

"द्या तर."

मी दिला. तिनं माझा हात धरून त्या पंजावर टेकवला. बोटाला बोट, रेषेला रेष. आणि करंगळी, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळताना मोडली होती आणि वाकडीच बसली होती ती माझी करंगळी, बरोबर त्या फटकलेल्या करंगळीत जाऊन बसली. गावभर दुसऱ्यांच्या करंगळ्या तपासत फिरलो. स्वतःची रोज जेवताना ताटात दिसायची, ती नाही दिसली.

"त्या दिवशी लाईट गेली," सुमन सांगायला लागली, मला नाही, अण्णांना. "कंदील ऑफिसातल्या फळीवर असतो. तो काढायला हेच कुलूप काढून गेलते आत, अंधारात. टेबलावर हात टेकून फळीवर हात घातला असंल. चिकट लागलं असंल, पन हात आधीच सगळे रंगानं भरलेले. कळायचं कसं?"

मला मांडायला बाजूच उरली नव्हती. ज्याचे हात कोपरापर्यंत चॉकलेटी होते असा सगळ्या जिंतुरात एकच माणूस होता, आणि त्याला सोडून मी सगळ्यांची झडती घेतली होती.

कुसुमला आधी हसू आलं. तिनं तोंडाला पदर लावला. मग अण्णा हसले, खोकला येईपर्यंत हसले. पण हसणं थांबल्यावर म्हणाले, "हसण्यावारी न्यायची बात न्हाई ही. पालमला निरोप गेलाय. तो कोन परत आणणार?"

"मी," मी म्हणालो.

"तुमी एकटे न्हाई. आमी पन येतो. तुमच्या तोंडून ऐकू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुकडे गाडीला बसवले. झाकण परत रंगवायला वेळ नव्हता, ते तसंच लावलं. अण्णा पुढच्या सीटवर बसले. जिंतूरहून परभणी, परभणीहून पालम, सगळा रस्ता त्यांच्या नाकासमोर माझा पंजा. मधून मधून पंजाकडं बघायचे, मग माझ्याकडं, मग खिडकीतून कापसाच्या रानाकडं. पिंगळीच्या अलीकडं एकदा मी म्हणालो, "अण्णा, काच खाली करा, वारा येईल." त्यांनी हँडलला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "वाळलंय का?" एवढंच विचारलं. वाळलं नव्हतं.

पालमला मुलाचे वडील रंगनाथराव ओसरीवर बसले होते. जाड मिशा, डोक्याला रुमाल, माणूस कमी बोलणारा. मुलगाही होता, मागं खांबाला टेकून. निरोप आल्यापासून घरात राग होता, ते पाण्याचा तांब्या ठेवण्यावरूनच कळलं.

अण्णा म्हणाले, "आमची गलतफहमी झालती. वकीलसाहेब सांगतील."

मी सांगितलं. कोर्टात कधी इतकं सरळ बोललो नसेन. रंग, कुलूप, पंजा, गुरुजींची बदली, कात, करंगळी. काहीच लपवलं नाही. सांगता सांगता घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. शेवटी पुरावा म्हणून मुलगा जाऊन गाडीत पंजा बघून आला आणि वडिलांना मान हलवून सांगितलं, हाय म्हणून. त्याला हसू आवरत नव्हतं. त्यानं हळूच अण्णांना विचारलं, "त्यांना काय वाटतंय? म्हणजे, कुसुमबाईंना?" अण्णांनी डोळे मिटून होकार दिला. माझा जीव भांड्यात पडला.

पण रंगनाथराव हसले नाहीत. मिशीवरून हात फिरवत बसले. मग अण्णांना म्हणाले, "म्हंजे तुमी ह्यांचं ऐकून सोयरीक मोडली."

"चूक झाली," अण्णा म्हणाले.

"चूक हाय, पर मनात काळं न्हाई तुमच्या. शब्दाला भिऊन वागणारा मानूस बरा. पोरगी बी आमाला पसंतच होती." ते थांबले. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या नखांत अजून चॉकलेटी रंग होता, मी हात मागं घेतले. "एकच विचारायचं हाय. हे वकील तुमच्या नात्यातले का?"

"न्हाई न्हाई," अण्णा घाईघाईनं म्हणाले. "किरायदार हायत."

"लांबचे बी न्हाईत?"

"लांबचे बी न्हाईत. कसम खाऊन सांगतो."

रंगनाथरावांनी पहिल्यांदा पाय सैल सोडले आणि आत बघून आवाज दिला, "चहा टाका. जमलं."